कळवून केलेली तपासणी

ऑडिटच्या दिवशी चाकणमध्ये एक टेम्पो विनाकारण फिरत असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसतो, पण त्याचा अर्थ कळत नाही. ज्या लहान कारखान्यात मोठ्या कंपनीची तपासणी असते, तिथला सगळा बिघडलेला माल, चुकीच्या जागी भोकं पडलेला, वाकलेला, गंजलेला, सकाळीच त्या टेम्पोत भरतात. ड्रायव्हरला सांगितलेलं असतं की मॅडम गेल्या असा फोन येईपर्यंत परत यायचं नाही. मग तो म्हाळुंग्यापासून तळेगाव रस्त्यापर्यंत जातो, चहा पितो, परत फिरतो, पुन्हा जातो.

ती मॅडम म्हणजे मी. चोवीस वर्षं मी हेच काम केलं. गाड्या बनवणारी कंपनी सगळी गाडी स्वतः बनवत नाही. ब्रॅकेट, नळ्या, स्प्रिंगा असलं सगळं भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांतून येतं. तिथे जाऊन माल नीट बनतोय का हे बघणारं एक खातं असतं आणि मी त्यात होते. नुसता माल तपासून भागत नाही, तो बनवायची रीत बघावी लागते. माझ्या काही खुणा ठरलेल्या होत्या. जमिनीवरचा पिवळा पट्टा बोटाला लागला तर तो काल रात्री रंगवलाय. रजिस्टरमधल्या तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाच्या असतील तर त्या एका बैठकीत लिहिल्यात. आणि हे सगळं करून काही हाती लागलं नाही तर चहावाल्याशी गप्पा मारायच्या. तो हमखास खरं सांगायचा, कारण काय लपवायचंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसायचं.

नामदेवरावांचा टेम्पो मी अशाच एका चहावाल्यामुळे पकडला. नामदेवराव मूळचे तिथलेच शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर शेड टाकून त्यांनी तीन प्रेस मशिनं बसवली होती. त्या दिवशी तपासणी संपल्यावर मी निघाले असं दाखवलं आणि कोपऱ्यावर थांबून राहिले. टेम्पो आला, मी मागचं फाळकं उघडायला लावलं. आत निम्मा टेम्पो भरेल इतका रिजेक्ट माल होता. मला वाटलं, आता हे हातापाया पडतील. तर ते टोपी सारखी करत शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमी तारीख कळवून येता, म्हून आमी त्या दिशी नटतू. रोज आला असता तर रोज कोन नटनार हाय?"

मी त्यांच्यावर तीन पानी रिपोर्ट लिहिला. हे वाक्य मात्र त्यात घातलं नाही.

आता गेटवरची गोष्ट. आमच्या कंपनीच्या गेटवर मनबहादुर नावाचा वॉचमन होता. पश्चिम नेपाळातल्या डोंगरातला, बारा-पंधरा वर्षं चाकणमध्ये काढलेला. गाडीखाली आरसा फिरवायचा, सलाम ठोकायचा, याहून जास्त आमचा संबंध नव्हता. एक दिवस त्याने माझ्यापुढे मोबाइल धरला. गावाहून आलेल्या एका कागदाचा फोटो होता. म्हणाला, "मॅडम, अक्षर तो आपका और हमारा एक ही है ना? आप पढ़ो. मैं समझेगा."

अक्षर खरंच एकच. नेपाळीही देवनागरीत लिहितात. मी वाचायला लागले. अक्षरं भराभर वाचता येत होती, पण चारातला एखादाच शब्द कळत होता. मनबहादुरचं उलटं होतं. त्याला अक्षरओळख नव्हती, पण मी चुकीच्या ठेक्यात वाचलेला एकेक शब्द त्याला कळत होता. मी वाचत गेले आणि त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यानेच मला हिंदीत सांगितलं की मी काय वाचलं. शाळेचं पत्र होतं. तुमची मुलगी पवित्रा तिसरीत असूनही तिला वाचता येत नाही, तेव्हा तिला त्याच वर्गात ठेवत आहोत, असं त्यात होतं. आम्ही दोघं मिळून एक धड वाचणारा माणूस झालो होतो.

त्यानंतर त्याच्या घरचा कुठलाही कागद आला की आमचं हे गेटवरचं वाचन व्हायचं. पुढे एका सुटीत मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी जाऊन आले. शाळा बघितली. एका वर्गात तीन इयत्ता, एक फळा, आणि पुस्तकं मुलांच्या हातात नव्हतीच. गावाचं नाव मी इथे देत नाही, कारण पुढे जे सांगायचंय त्यात दोष गावाचा नाही. परत आले ती डोक्यात एकच विचार घेऊन, आणि वर्षभरात राजीनामा दिला.

ऑफिसात कुणाला वाटलं माझं बॉसशी बिनसलं, कुणाला वाटलं मला काहीतरी मोठा आजार झालाय. आमच्या आकुर्डीच्या विहारातल्या बायकांनी सोपा अर्थ काढला. नेपाळला चालली म्हणजे लुंबिनीला चालली. येताना तिथली चिमूटभर माती आण, असं मला पाच जणींनी सांगितलं. प्रत्यक्षात लुंबिनीला जायला मला तिसरं वर्ष उजाडलं, आणि प्रत्येक वेळी मी रिकाम्या हाताने आले की त्यांचा माझ्यावरचा विश्वास थोडा थोडा कमी व्हायचा.

बाबांनी मात्र वेगळंच विचारलं. ते आकुर्डीच्या कारखान्यात वेल्डर होते. विहाराच्या वाचनालयात मला बोट धरून त्यांनीच नेलं होतं. ते म्हणाले, "म्हाळुंग्याच्या पत्र्याच्या खोल्यांतली पोरं तुला दिसली नाहीत का? एवढ्या लांब कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. आजही पूर्ण देता येत नाही. ज्याचा कागद हातात आला त्याच्यापासून सुरुवात केली, इतकंच म्हणता येतं. बाबा गेले, आणि तो प्रश्न माझ्याकडे ठेवून गेले.

संस्था तिथल्याच माणसांच्या नावावर नोंदवली. शाळेजवळ एक खोली, काठमांडूहून आणलेली नेपाळी गोष्टींची पुस्तकं भरलेली एक पत्र्याची पेटी, आणि शिकवायला कमला मिस. कमला त्याच गावची, बारावी झालेली, गंभीर चेहऱ्याची मुलगी. मग मी मला येत होतं ते केलं. एक फॉर्म बनवला. किती मुलं आली, किती पुस्तकं झाली, मिनिटाला किती शब्द वाचतात, पुस्तकांची स्थिती कशी. दर तीन महिन्यांनी मी जायचे. लखनौपर्यंत रेल्वे, पुढे रुपैडिहाच्या सीमेपर्यंत बस, पलीकडे नेपाळगंज, सुर्खेत, मग जीप आणि शेवटचे दोन तास चाल. जीप आधी ठरवावी लागायची, म्हणून पंधरा दिवस आधी तारीख कळवायचे.

मी पोचायचे तेव्हा अंगण सारवलेलं असायचं. गळ्यात झेंडूची माळ पडायची. पुस्तकं अगदी नवीकोरी, एकही पान दुमडलेलं नाही. मी लिहायचे, पुस्तकांची स्थिती उत्तम. मग मुलं उभी राहून वाचायची, आणि त्यांत पवित्रा सगळ्यांच्या पुढे. नदीकाठच्या बकरीची गोष्ट ती न अडखळता वाचायची. मला लिपी येत असल्यामुळे मी तिच्या खांद्यावरून पानावर नजर ठेवायचे. एकेक शब्द जुळायचा. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याचा व्हिडिओ मी चाकणला येऊन गेटवर मनबहादुरला दाखवला. त्याने तो पुन्हा पुन्हा बघितला, मग शिफ्टवरच्या सगळ्या वॉचमनना बोलावून दाखवला. अशी दोन वर्षं गेली आणि मी फार समाधानात होते.

मग एक दिवस गेटबाहेरच्या टपरीवर मनबहादुर भेटला. बोलता बोलता त्याने गावची हकिकत सांगितली. त्याच्या म्हाताऱ्या आईला मोतीबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. खालच्या गावात डॉक्टरांचं डोळ्यांचं शिबिर येणार होतं. आरोग्यसेविका त्याच्या घरी तसा कागद ठेवून गेली. पूर्वी असा कागद आला की त्याची बायको डोंगर उतरून शेजाऱ्यांकडे वाचून घ्यायला, नाहीतर फोटो पाठवायला जायची. आता घरातच वाचणारी होती. सगळे जमले, पवित्राने कागद वाचला आणि शनिवार सांगितला. शनिवारी मनबहादुरच्या भावाने आईला पाठीवरच्या टोपलीत बसवून चार तास डोंगर उतरवला. खाली पोचले तर मांडव उठलेला. शिबिर गुरुवारीच संपलं होतं.

"बच्ची है. गलती हो गया," मनबहादुर म्हणाला. त्याला त्यात मुलीची छोटीशी चूक दिसत होती. मला ती दिसेना. गोष्टीचं पुस्तक न चुकता वाचणारी मुलगी चार ओळींच्या कागदावरचा वार चुकत नाही. मी चहा तसाच ठेवून उठले.

त्याच संध्याकाळी मी नामदेवरावांच्या शेडवर गेले. रिपोर्ट खाल्लेला माणूस एक तर कायमचा तोडतो नाही तर कायमचा जोडतो, आणि ते जोडलेले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तुमी तिकडं तारीख कळवून जाता का?"

मी हो म्हटलं.

"मग पोरं आमच्यापरीस हुशार हायेत म्हना की," ते म्हणाले. हसले नाहीत.

त्या वेळी मी कुणाला न कळवता गेले. दुपारी पोचले. अंगणात शेण पडलं होतं, माळ नव्हती, कमला मिस मुलांकडून एका सुरात काहीतरी घोकून घेत होती. पुस्तकांची पेटी कोपऱ्यात, तिला कुलूप, आणि किल्ली कमलाच्या कमरेला. मला बघून ती उभीच राहिली. मी पेटी उघडायला सांगितली, बकरीचं पुस्तक काढलं आणि पवित्राच्या हातात दिलं.

पेटीत ओल गेली होती आणि त्या पुस्तकाची मधली पानं एकमेकांना चिकटली होती. पवित्राने वाचायला सुरुवात केली. पान उलटलं, तर दोन पानं एकदम उलटली गेली. चित्रात बकरी नदी पार करून पलीकडे गवत खात होती, आणि पवित्राच्या तोंडी अजून अलीकडचा काठ होता. चिकटलेल्या पानांच्या आतला एकेक शब्द ती न अडखळता म्हणत गेली. मधूनमधून डोळे पानावर फिरवत होती. तेही तिला शिकवलेलं होतं.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. टेम्पो सापडल्याचा तो जुना आनंद. मग माझं लक्ष पवित्राकडे गेलं. ती थांबली होती आणि चित्रातल्या बकरीकडे बघत होती. तिला कळलं होतं की मला कळलंय. मला माझीच लाज वाटली.

मुलं घरी गेल्यावर मी पायरीवर बसून सवयीने पिशवीतून फॉर्म काढला. कमला समोर येऊन बसली. ती चांगलं हिंदी बोलायची, पण माझ्याशी फारशी कधी बोललीच नव्हती. म्हणाली, लिहा काय लिहायचं ते, पण या कागदावर काय जमत नाही असा रकाना कुठे आहे ते मला दाखवा, मी दोन वर्षं शोधतेय. पुस्तक मळलं की तुम्ही लिहून नेता, म्हणून मी पेटीला कुलूप लावते. मूल अडखळलं की तुमचा चेहरा पडतो, म्हणून मी पाठ करून घेते. आणि मग ती म्हणाली, "तुम्ही यायच्या आधी एक महिना आम्ही तुमची तयारी करतो. तुम्ही गेलात की दमलेले असतो. शिकवायचं कधी?"

चाकणमधून निघताना मी नोकरी सोडली होती, पण ऑडिट पिशवीत घालून तिथवर नेलं होतं. ज्या मुलांनी आयुष्यात कारखाना पाहिला नव्हता, त्यांनाही माझ्यापुढे टेम्पो फिरवायला लागला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रिपोर्ट लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पवित्राला घेऊन मी ओढ्यापर्यंत गेले, तिचं बोलणं हिंदीत सांगायला कमला बरोबर होती. शिबिराच्या कागदाचं काय झालं असं विचारलं. बराच वेळ ती पायाने खडे सरकवत राहिली. मग म्हणाली, "सगळे माझ्याकडे बघत होते. आजीला तर दिसत नाही, तरी तीही बघत होती."

त्या वेळी मी चार दिवसांसाठी गेले होते, सहा आठवडे राहिले. पेटीचं कुलूप काढून टाकलं. वर्गात मुलांच्या ओळीत बसले आणि कमलाला म्हटलं, मला नेपाळी येत नाही, मला शिकव. मी पुस्तक घेऊन मोठ्याने वाचायचे, माझ्या मराठी ठेक्यात, आणि मुलं पोट धरून हसायची. मग विचारायचे, हे मी काय वाचलं? मुलं अर्थ सांगायची. पहिले काही दिवस पवित्रा लांब बसली. एक दिवस माझ्या शेजारी येऊन टेकली. मी वाचत असताना तिने मध्येच पानावर हात ठेवला आणि विचारलं, नदी म्हणालात, ती यात कुठे आहे? मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. तिने ते तिथेच दाबून धरलं आणि पुढच्या पानावर तसाच शब्द शोधायला लागली. अक्षर माझं, अर्थ तिचा. गेटवर मनबहादुरला जे उभ्या उभ्या सुचलं होतं, ते मी संस्था काढल्यावर विसरून गेले होते.

फॉर्म मी फाडला. आता एकच प्रश्न उरलाय, या आठवड्यात काय आलं नाही? त्याचं उत्तर कमला स्वतः लिहिते आणि मला फोनवर वाचून दाखवते. पहिल्या आठवड्यात तिने दीड पान लिहिलं होतं. आमची पुस्तकं आता मळकी आहेत, दोन-तीनांची मुखपृष्ठं गेलीत, एक बकरीनेच खाल्लं. मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी हळू वाचतात.

पुढच्या वर्षी डोळ्यांचं शिबिर पुन्हा आलं. पुन्हा कागद आला, पुन्हा घरचे जमले. मी तिथे नव्हते, पण कमलाने मला फोन करून सगळं सांगितलं. पवित्राने बोट ठेवून वाचायला घेतलं. गावाचं नाव वाचलं, वार वाचला, आणि एका शब्दापाशी थांबली. पुन्हा वाचून बघितलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "मलाई यो आउँदैन." मला हे येत नाही. आणि कागद घेऊन डोंगर उतरत कमलाच्या घरी पळत गेली. तो शब्द होता 'बिहान', म्हणजे सकाळ. फक्त सकाळीच नावं घेणार होते.

कमला फोनवर हसत होती. "मला हे येत नाही" हे वाक्य मी चोवीस वर्षांत एकाही कारखान्यात ऐकलं नव्हतं. कुणी म्हणावं अशी सोयच मी ठेवली नव्हती.

या वेळी ते वेळेत पोचले. आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याला उशीर झाला, मागच्या वर्षी आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. मनबहादुरने मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मीच करते, आणि कुणाकडे करायची हेही मला माहीत आहे.

दसऱ्यानंतर त्याच्या गावचा एक जण कामावर चाकणला परतला. त्याच्याबरोबर पवित्राने वडिलांना पत्र पाठवलं होतं. वहीचं पान, शिसपेन्सिलीची मोठी मोठी अक्षरं. मनबहादुरने ते दोन दिवस खिशात सांभाळलं आणि मी चाकणला आले तेव्हा टपरीच्या बाकावर माझ्यापुढे उलगडून ठेवलं. आता मला नेपाळी बरंच कळतं, पण त्याने मला जुन्याच रीतीने वाचायला लावलं. मी वाचणार, तो ऐकणार.

आजीची पट्टी काढली, असं तिने लिहिलं होतं. आजीने डोळा उघडला. आम्ही सगळे पुढे उभे होतो. तिने आधी मला ओळखलं नाही, तिने आधी, आणि इथे पवित्राने एका शब्दाची जागा कोरी सोडली होती. खाडाखोड नाही, काही दडपून लिहिलेलं नाही, नुसती मोकळी जागा. पुढे 'ओळखलं', असं वाक्य चालू.

मी थांबले. मनबहादुरने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, इथे तिने काही लिहिलेलं नाही, तिला तो शब्द लिहिता आला नसणार. त्याने मागचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. तो एकदम हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला.

"भैंसी," तो म्हणाला. "आई ने पहले अपनी भैंसी को पहचाना. उसी को पहचानेगी."

मी सवयीने पर्समधून पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेवर टेकवलं. मनबहादुरने कागदावर हात ठेवला.

"रहने दो, मॅडम," तो म्हणाला. "वो खुद भरेगी."

मी पेन परत ठेवून दिलं.